सीडीआय निर्दोष होता

नाताळच्या सुट्टीतला रविवार होता. होडीत कोल्हापूरचं सहा जणांचं कुटुंब, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, आजोबांच्या मांडीवर नातू. त्सुनामी बेट दाखवून झालं होतं आणि आम्ही संगमाकडे निघालो होतो. सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली. मालवणजवळच्या देवबागला एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. ती पट्टी जिथे संपते तिथे नदी समुद्रात शिरते, आणि सुकतीला तिथलं पाणी कुणाला विचारत बसत नाही, सरळ बाहेर ओढतं. आजोबांनी विचारलं, "समोरचं गाव कुठलं?" मी "भोगवे" म्हणालो आणि तेवढ्यात होडीचं मशीन बंद.

खोकलं नाही, अडखळलं नाही. एकदम शांत.

आधी नांगर टाकला. दोरी ताणली, होडीने तोंड फिरवलं आणि थांबली, तेव्हा माझा जीव खाली आला. मग नेहमीचे सोपस्कार. टाकीच्या बुचावरचा हवेचा स्क्रू उघडाच होता. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबला तर तो दगडासारखा कडक, म्हणजे पेट्रोल पुढे पोचलेलं. दोरी ओढली. वीसेक वेळा ओढली असेल. सातव्या-आठव्या ओढीपर्यंत पाहुणे गंमत बघत होते, नंतर गप्प झाले. शेवटी शेजारच्या होडीवाल्याने दोर टाकून आम्हाला धक्क्याला आणलं. पाहुणे उतरले, पैसे पुरे दिले, वर "होतं असं कधी कधी" म्हणाले. ते गेल्यावर मी रागाने दोरीला एक हिसका दिला आणि मशीन एका ओढीत सुरू झालं.

ज्याने कधी बिघाड शोधला आहे त्याला माहीत आहे, यासारखा छळ दुसरा नाही. सरळ मेलेलं मशीन परवडतं. हे आपल्याला वेडं ठरवतं.

माझं मशीन ९.९ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. सेकंडहँड घेतलेलं. दोरीने सुरू होणारं, बॅटरी वगैरे काही नाही. खाऱ्या पाण्यात किती वर्षं काढली आहेत हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं, मीही फार खोदून विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात जो भेटला त्याने निदान केलं. आजकाल पहिलं निदान ठरलेलं: इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून होडीच्या मशीनला शिंक आली तरी इथेनॉलवर खापर. त्यात तथ्य नाही असं नाही. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, आणि किनाऱ्यावर ओलीला काय तोटा! टाकीत पेट्रोल महिनाभर पडून राहिलं तर पाणी खाली बसतं आणि मशीन नखरे करतं. म्हणून मी टाकी रिकामी केली, फिल्टर धुतला, ताजं पेट्रोल आणलं, लिटरला २० मिली टू-टी ऑइल मोजून घातलं. प्लग काढले. दोन्ही ओले. दोघांची टोकं सारख्याच रंगाची, चहासारखी तपकिरी, म्हणजे मिश्रणही ठीक होतं. तरी नवे घातले.

प्लगचं एक सांगतो, कारण इथे पुष्कळ जण चुकतात. माझ्या मशीनला बी७एचएस-१० प्लग लागतो. त्यातला ७ म्हणजे प्लग किती गरम चालतो त्याचा आकडा आणि शेवटचा १० म्हणजे टोकातली फट १.० मिमी. बाजारात 'बी७एचएस' एवढंच सांगितलं तर दुकानदार विनाशेपटीचा प्लग देतो. तो आट्यात नीट बसतो, मशीन चालतंही, पण त्याची फट कमी असते. मलाही तसाच दिला होता. परत जाऊन बदलून आणला.

सोमवारी मशीन झकास चाललं. मंगळवारी संगमाच्या अलीकडे पुन्हा बंद.

मग मी ती चूक केली, जी पुढे महिनाभर खिशाला सलत राहिली. एका दुकानात गेलो. समोरच्याने मशीन बघितलंसुद्धा नाही. "चालू असताना बंद पडतं आणि थंड झाल्यावर सुरू होतं ना? सीडीआय गेला." सीडीआय म्हणजे ठिणगीसाठी करंट साठवून सोडणारा डबा. इतक्या खात्रीने बोललेल्या माणसावर कोण अविश्वास दाखवणार? साडेचार हजार मोजले. काउंटरच्या मागे पाटी होती: इलेक्ट्रिक पार्ट परत घेतला जाणार नाही. ती मी पैसे दिल्यावर वाचली.

नवा सीडीआय बसवला. दोन दिवस मशीन सुरळीत. मी घरात जरा छाती काढून वावरलो. ते दोन दिवस फक्त खाडीतल्या जवळच्या फेऱ्या होत्या, दहा-बारा मिनिटांच्या, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी लांबची फेरी मिळाली आणि विसाव्या-बाविसाव्या मिनिटाला मशीन गप्प.

संध्याकाळी मेस्त्रींकडे गेलो. खरं तर पहिल्याच दिवशी जायला हवं होतं, पण त्यांच्याकडे गेलं की ते मशीनआधी आपल्यालाच खोलून ठेवतात. वय सत्तरीच्या पुढे. सीबी पॉइंटच्या, म्हणजे सीडीआयआधीच्या ठिणगीच्या यंत्रणेच्या, जमान्यातले; सँडपेपरने पॉइंट घासून आणि कंडेन्सर बदलून ज्यांची हयात गेली.

"मेस्त्रीनू, मशीन सारखा बंद पडता," मी म्हणालो.

"कसा बंद पडला? पटकन मेला काय धापा टाकीत मेला?"

"पटकन."

"मगे पेट्रोल नाय. पेट्रोल सरला तर मशीन कुरकुरता, वर-खाली होता, मगे मरता. ह्या बटन दाबल्यासारखा गेला ना? करंट गेलो."

एवढ्या एका प्रश्नाने माझ्या आठवड्याभराच्या टाकीधुणीचा निकाल लागला. मी सीडीआय बदलल्याचं सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त विडी शिलगावली. मग म्हणाले, "डबो बदललंस तो बदललंस. आता तेका हात लावू नको. आधी बाकीचे बघ. सगळे सुटले की मगे डब्याक धरूचा."

सीडीआय हा राळेत बुडवलेला डबा. आत डोकावता येत नाही, साध्या मीटरने तपासता येत नाही. म्हणूनच सगळे आधी त्याच्यावर आळ घेतात. मेस्त्रींचं म्हणणं बरोबर उलटं: जो तपासता येत नाही त्याला शेवटी धरायचा.

त्यांनी विटेच्या तुकड्याने जमिनीवर आकृती काढली. वर फ्लायव्हील, ज्याला आमच्याकडे सगळे मॅग्नेटच म्हणतात. त्याच्या आत चुंबकं. त्याच्याखाली दोन कॉइल. मोठी ती चार्ज कॉइल. चुंबकं तिच्यावरून फिरली की वीज तयार होते आणि ती सीडीआयमधल्या कपॅसिटरमध्ये साठते, दोन-तीनशे व्होल्टपर्यंत. छोटी ती पल्सर कॉइल. ती फक्त इशारा देते, 'आता सोड'. इशारा मिळाला की सीडीआय सगळी साठवण एका झटक्यात इग्निशन कॉइलमध्ये ओततो, कॉइल तिचे हजारो व्होल्ट करते आणि प्लगला ठिणगी पडते. माझ्या मशीनला इग्निशन कॉइल एकच, तिला दोन वायरी, दोन्ही प्लग एकाच वेळी पेटतात. म्हणून दोन्ही सिलिंडर एकदम गेले यात नवल नव्हतं. एक प्लग खराब असता तर मशीन एका पायावर लंगडत आलं असतं. दोन्ही एकदम जातात तेव्हा दोघांच्या सामाईक वाटेवर बघायचं.

आणि त्या वाटेवर एक फाटा असतो, जो कुणाच्या ध्यानात येत नाही: बंद करायच्या बटनाचा. लाल दोरीची क्लिप असते ना, मनगटाला अडकवायची, चालवणारा पाण्यात पडला तर मशीन बंद व्हावं म्हणून, ते बटन. घरातल्या दिव्याचं बटन तोडलं की वीज जाते. हे नेमकं उलटं. क्लिप निघाली की बटन आत जोडलं जातं आणि सीडीआयचा करंट जमिनीला, म्हणजे मशीनच्या बॉडीला, उतरवतं. म्हणजे हे बटन आतून थोडं जरी गळलं तरी मशीनला वाटतं, मालकाने बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्री अंगणात आले, तेही सहा वाजता, दव असताना. माझं मशीन सकाळी दहा-बारा ओढी घेतं हे मी बोलता बोलता सांगितलं होतं, ते त्यांनी धरून ठेवलेलं. प्लग काढून टेस्टर लावला. टेस्टर म्हणजे फार काही नाही, फट कमी-जास्त करता येणारं एक चिमटं. नुसता प्लग बॉडीला टेकवून ठिणगी बघतात त्यात फसगत होते, कारण उघड्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरमध्ये दाबाखाली तिला जास्त जोर लागतो. म्हणून फट नऊ मिलिमीटर ठेवून बघायचं. तीही प्लगच्या भोकापासून लांब, कारण दोरी ओढली की भोकातून पेट्रोलची वाफ फसकन बाहेर येते. आणि प्लगवर बसणाऱ्या वायरीच्या दोन्ही कॅप कशाला तरी जोडलेल्या हव्यात. कॅप हवेत लोंबत ठेवून दोरी ओढली तर करंटला वाट मिळत नाही आणि तो कॉइल किंवा सीडीआयच फोडतो.

दोरी ओढली. ठिणगी कशीबशी, पिवळसर, एक आड एक.

मेस्त्रींनी बटनाकडे जाणारी पांढरी वायर सीडीआयपासून उपटली. "ओढ आता."

चट्ट! निळीभोर ठिणगी, आवाजासकट.

वायर परत जोडली: पिवळी. काढली: निळी. मी चार-पाच वेळा ते करून बघितलं, विश्वास बसत नव्हता म्हणून नाही, बघायला बरं वाटत होतं म्हणून. मग मीटर लावला. क्लिप जागेवर असताना बटनाच्या दोन टोकांत काहीच वाट नसायला हवी. मीटरवर १८ किलोओहम, तेही नाचत. बटन उघडलं तर आत पांढरं मीठ, ओलसर. मिठाचं पाणी म्हणजे वायरच, फक्त दिसत नाही. दुपारी ऊन लागलं की ते वाळतं आणि मशीन गुणी होतं.

नवीन बटन बसवलं. सकाळचं मशीन दुसऱ्या ओढीला सुरू. मी मेस्त्रींना चहा-पोहे दिले आणि प्रकरण मिटलं असं समजलो.

शनिवारी तेविसाव्या मिनिटाला पुन्हा बंद.

आता मात्र मी होडीत बसून हसलो. पाहुणे नव्हते ते बरं. झालं होतं असं, की रोग दोन होते. सकाळचा त्रास बटनाचा; तो गेला. गरम झाल्यावरचा वेगळा, आणि तो तसाच. दोघांना मी एकच समजत होतो, म्हणून पहिला बरा झाला तेव्हा दुसराही झाला असं वाटलं.

मेस्त्री म्हणाले, पिंपात लाव. दोनशे लिटरचं निळं पिंप, त्यात विहिरीचं गोडं पाणी, काठाला लाकडी फळी, त्यावर मशीन. पाण्याबाहेर मशीन चालवायचं नाही, मशीन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी पंखा मिनिटात जळतो. कव्हर काढून ठेवलं, म्हणजे बंद पडलं की लगेच मीटर लावता येईल. मीटर, टेस्टर, पाना, सगळं मांडून आम्ही दोघे स्टुलावर बसलो, डॉक्टर पेशंट बेशुद्ध पडायची वाट बघतो तसे.

एक तास झाला. मशीन गुरगुरत राहिलं. पिंपातलं पाणी चहाएवढं गरम झालं, शेजारची कोंबडी येऊन बघून गेली, आई दोनदा विचारून गेली की हे कधी बंद होणार. पडलं नाही बंद.

मीच आधी बोललो, "सुधारला वाटता." मेस्त्रींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग उठले, कव्हर उचललं आणि मशीनवर बसवून कडी लावली. पाणी बदललं. "आता बघ."

सोळाव्या मिनिटाला गेलं.

कव्हर काढून ठेवलं होतं तेव्हा वाऱ्याने वरचा भाग थंड राहत होता, एवढीच गोष्ट. आजार उन्हातला आणि आम्ही त्याला सावलीत बसवून तपासत होतो.

कव्हर उचललं, गरम वाफारा तोंडावर आला. टेस्टर: ठिणगी नाही. पांढरी वायर काढून: तरीही नाही, म्हणजे या वेळी बटन खरंच निर्दोष. मीटर इग्निशन कॉइलवर. तिची आतली बाजू ओहमच्याही खाली मोजायची असते, पाव ओहमच्या आसपास. तिथे आधी मीटरच्या दोन काड्या एकमेकींना टेकवून बघायचं. माझ्या मीटरच्या काड्याच ०.४ दाखवतात, ते वजा करायचं. ही वजाबाकी विसरून चांगल्या कॉइल फेकलेले लोक मी पाहिले आहेत. बाहेरची बाजू, वायर ते वायर, साडेतीन किलोओहम. ठीक. दोन्ही कॅप पाच-पाच किलोओहम. ठीक. पल्सर कॉइल शंभराच्या घरात. ठीक.

मग चार्ज कॉइलच्या दोन वायरी, तपकिरी आणि निळी. मीटरवर आकडा आला नाही. ओएल. वाट बंद.

काड्या घट्ट धरल्या, वायरीची टोकं खरवडली, परत लावलं. ओएल. मेस्त्री म्हणाले, "हात काढू नको, तसोच रव." मी तसाच उभा राहिलो, पाठीत उसण भरेपर्यंत. आठव्या मिनिटाला मीटरवर आकडे फडफडले, ४३०, ओएल, ४२८, मग स्थिर. तिथून हळूहळू उतरत ३८० पर्यंत. दोरी ओढली. निळी ठिणगी.

इतके दिवस ही कॉइल समुद्रात, माझ्या पाठीमागे, कव्हरच्या आत हेच करत होती. पंधरा मिनिटं थांबलं की बरी.

फ्लायव्हील काढायला मेस्त्रींनी पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं हत्यार, आणला. हातोडीने हाणून फ्लायव्हील काढणारे आहेत, आणि आतली चुंबकं तडकवणारेही तेच आहेत. नट सैल केला, पुलरचे तीन बोल्ट आवळले, मधला स्क्रू पिळत नेला आणि 'टक्' करून चाक सुटलं. खाली अर्धचंद्रासारखी छोटी चावी असते, शाफ्टच्या खाचेत. ती झिजली किंवा कापली गेली तर फ्लायव्हील थोडं फिरून बसतं आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडते. ती शाबूत होती.

चार्ज कॉइल दिसली. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमटी ठेवली की कळकते आणि कडेला हिरवं धरतं, तसं हिरवं तिच्या वायरीच्या सुरुवातीला धरलेलं. वरचं वार्निश तडकलेलं. तार कुठेतरी आत, केसापेक्षा बारीक जागी तुटलेली. थंड असताना टोकं टेकतात, गरम होऊन सगळं फुगलं की सुटतात.

मेस्त्री गेल्यावर मला राहवलं नाही. कॉइल ओट्यावर ठेवली, मीटरच्या काड्या कपड्याच्या चिमट्यांनी अडकवल्या आणि बायकोचा हेअर ड्रायर आणला. ३७२ वरून आकडा चढायला लागला. ३९०. ४१०. आता इथे घाबरायचं नाही. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतोच, अंशाला साधारण ०.४ टक्के, तीस अंशांवरून ऐंशीवर गेलं तर पाचवा हिस्सा वाढणार. मॅन्युअलमधले आकडे २० अंशांचे असतात, आणि आमच्याकडे सकाळी सावलीतच तिशी गाठलेली असते, त्यामुळे मोजलेला आकडा छापील आकड्यापेक्षा थोडा जास्त आला म्हणून कॉइल बाद होत नाही. चढत जाणं हा रोग नाही. ४३६ वर आकडा एकदम नाहीसा झाला, तो रोग. ओएल. ड्रायर बंद केला, फुंकर घातली, थोड्या वेळाने परत ४३०. तीन वेळा केलं. तीनही वेळा तिथेच. मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिने मीटरकडे नाही, ड्रायरकडे बघितलं. त्याच्या तोंडाला काळं ग्रीस लागलं होतं.

नवी कॉइल गोव्याहून यायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत सुट्टी संपली आणि गर्दी ओसरली, ते वेगळं. बसवताना मेस्त्रींनी शाफ्टचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक पेट्रोलने पुसून कोरडं केलं. तिथे तेलाचं बोट जरी राहिलं तरी फ्लायव्हील सरकायची भीती. वायरीच्या जोडांना सिलिकॉन ग्रीस. नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच. मग त्यांनी मला सांगितलं, "आता तुझो जुनो डबो काढ आणि लाव."

मी जुना सीडीआय लावला. पिंपात कव्हर लावून दीड तास मशीन चालवलं. नंतर समुद्रात, भोगव्याच्या बाजूने निवतीकडे आणि परत, मतलई वाऱ्यात, चांगली लांब फेरी मारली. विसावं मिनिट आलं तसा माझा हात आपोआप रबरी फुग्याकडे गेला. पंचविसावं गेलं. चाळिसाव्याला मी फुग्यावरचा हात काढला.

नवा सीडीआय बिस्किटाच्या डब्यात आहे. मागच्या महिन्यात चुलतभाऊ आला. त्याचं मशीन सकाळी सुरू व्हायला वेळ घेतं. "तुझ्याकडे नवो सीडीआय आसा मा? दी बघू जरा." मी म्हटलं, देतो, आधी ती पांढरी वायर काढून दोरी ओढ. त्याने तोंड वाकडं केलं. संध्याकाळी त्याचा फोन आला, नवं बटन कुठे मिळतं म्हणून.

बायकोसाठी मालवणातून नवा ड्रायर आणला. जुना हत्यारांच्या पेटीत, पुलरच्या शेजारी ठेवला आहे.